फुरानो-बिएईत जुलैच्या शेवटी लॅव्हेंडर सापडेल का?

दूरवाट
जपानच्या होक्काइदो बेटावर फुरानो आणि बिएईसाठी तीन दिवस हाताशी आहेत. चौघे जण, त्यांतले दोघे सत्तरीचे. तारखा २५ ते २७ जुलै धरल्यात, अजून पक्क्या नाहीत. तोवर लॅव्हेंडर टिकतं का? सापोरोला राहून रोज जाऊन-येऊन जमेल का? गाडी घ्यावी की ट्रेन पुरेल? निळं तळंही बघायचं आहे.

बांधकरी
तारखा हलवता येत असतील तर आधी त्याच हलवा. आठ-दहा दिवस अलीकडे या.

अडचण फुलं सुकण्यापेक्षा कापणीची आहे. नाकाफुरानोच्या फार्म तोमितामध्ये १९५८ पासून लॅव्हेंडर लावतात ते मुळात तेलासाठी, आणि तेलासाठी तुरे भरात असतानाच कापावे लागतात. जुलैच्या उत्तरार्धात एकेक पट्टा कापला जातो आणि मागे उरतात हिरवट-करडे गोल झुडपांचे गड्डे. त्यात उन्हाळा कडक गेला तर सगळंच लवकर उरकतं.

जाती वेगवेगळ्या वेळी फुलतात. गडद जांभळी 'नोशी हायाझाकी' जूनअखेरपासून रंग धरते, फिकट 'ओकामुरासाकी' मागाहून येते. जुलैच्या मध्याला दोन्ही एकदम दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तुरा जवळून बघा: कळ्या जांभळ्या आणि मधूनमधून बारीक फुलं उमललेली असतील तेव्हा रंग सर्वांत गडद. फुलं गळून नुसती पुष्पकोशाची नळकांडी उरली की लांबून शेत राखाडी दिसू लागतं. फार्म आपल्या संकेतस्थळावर बहराची ताजी स्थिती टाकतो, निघण्याआधी ती बघाच.

तिथे प्रवेश फुकट आणि पार्किंगही फुकट, म्हणूनच सकाळी उशिरा राष्ट्रीय मार्ग २३७ वर गाड्यांची रांग लागते. नऊच्या आत पोचा. जुलैत तिथे पहाटे चारच्या सुमारास उजाडतं, तेव्हा लवकर निघायला काही अडत नाही.

रूळवाट
सापोरोहून रोज ये-जा नको, सत्तरीच्या माणसांना तर नकोच. गाडीने एका बाजूला अडीच तास सहज जातात. असाहिकावाला राहा. सापोरोहून जलद ट्रेनने साधारण दीड तास, हॉटेलं भरपूर, आणि फुरानो लाइन तिथूनच सुटते. बिएई साधारण ३५ मिनिटं, पुढे नाकाफुरानो आणखी अर्धा तास. नाकाफुरानो स्टेशनपासून फार्म तोमिता चालत २५ मिनिटांच्या आसपास. रस्ता सपाट, पण सावली नाही.

या लाइनवर गाड्या कमी. एक चुकली तर तासभर, कधी त्याहूनही जास्त बसावं लागतं. परतीची वेळ आधी लिहून ठेवा, मग बाकीचा दिवस आखा. बऱ्याच गाड्या एका डब्याच्या आणि फक्त चालक असलेल्या असतात. लहान स्टेशनवर चढताना दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या नंबराखाली भाडं दिसतं, तेवढे पैसे चिठ्ठीसकट चालकाजवळच्या पेटीत टाकून पुढच्या दाराने उतरायचं. हजार येनच्या नोटा आणि सुटी नाणी जवळ हवीतच. पाच-दहा हजाराची नोट तिथे मोडून मिळेल असं धरू नका.

आणखी एक. जुने नकाशे बघून ओबिहिरोच्या बाजूने रेल्वेने फुरानोला यायचं ठरवू नका. फुरानो ते शिंतोकु हा मार्ग १ एप्रिल २०२४ पासून बंद झाला.

बांधकरी
चौघांना गाडीच सोयीची, निदान बिएईच्या दिवसापुरती. परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला आंतरराष्ट्रीय हवा, सोबत मूळ परवाना आणि पासपोर्ट. वाहतूक डावीकडून. उलटा लाल त्रिकोण दिसला की चाक पूर्ण थांबवायचं, रेल्वे फाटकावरही थांबून दोन्हीकडे बघूनच पुढे. गाडीतल्या नकाशायंत्रात जपानी पत्ता टाकत बसू नका, ठिकाणाचा फोन नंबर किंवा 'मॅपकोड' (जागेचा आकडी संकेत) टाका. टेकड्यांवरच्या एकट्या झाडांना फोन नंबर नसतो, तिथे मॅपकोडच कामी येतो. संध्याकाळी वेग कमी ठेवा, हरणं अचानक रस्त्यावर येतात.

बिएईच्या टेकड्या म्हणजे बाग नव्हे, बटाटा, गहू, बीटची खाजगी शेतं आहेत. डांबरी रस्ता सोडून एक पाऊलही आत टाकायचं नाही, बांधावरही नाही. बुटांना चिकटलेल्या मातीतून बटाट्याच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी एका शेतातून दुसऱ्यात जातात, आणि एकदा आले की वर्षानुवर्षं हटत नाहीत. 'तत्त्वज्ञाचं झाड' म्हणून प्रसिद्ध असलेला पोपलर शेतमालकाने २०१६ च्या फेब्रुवारीत पाडला, त्याला फोटोसाठी शेतात शिरणाऱ्यांचा त्रासही कारणीभूत होता. फार जीव तुटतो ते आठवून. गाडीही वळणावर किंवा शेताच्या वाटेत उभी करू नका, ट्रॅक्टर अडतो.

निळाई
तळ्याबद्दल: शिरोगानेचं निळं तळं नैसर्गिक नाही. तोकाचिदाके ज्वालामुखी १९८८ मध्ये उसळल्यावर चिखलाचे लोंढे अडवायला बांध घातले, त्यांमागे पाणी साठलं. पाण्यातल्या ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म कणांमुळे निळा प्रकाश विखुरतो. जोराचा पाऊस झाला की गाळ मिसळून पाणी मातकट दिसतं, म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. वारा नसलेली सकाळ धरा, तेव्हाच वाळलेल्या खोडांचं प्रतिबिंब अखंड पडतं. पार्किंगपासून वाट सपाट आणि छोटी आहे. तिथून गाडीने पाच मिनिटांवर शिराहिगे धबधबा, तो पुलावरूनच दिसतो, उतरावं लागत नाही. बिएईहून बस आहे, पण दिवसातून मोजक्या फेऱ्या.

दूरवाट
तारखा अलीकडे आणतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवार ते सोमवार केलं तर?

रूळवाट
नेमका तो टाळा. जुलैचा तिसरा सोमवार म्हणजे 'समुद्र दिन', सार्वजनिक सुट्टी. सलग तीन सुट्ट्या आणि बहर एकाच वेळी, त्यामुळे गाड्या, खोल्या, पार्किंग सगळं भरलेलं. त्याच्या आधीच्या आठवड्यातले मंगळवार ते गुरुवार घ्या आणि खोल्या आत्ताच राखून ठेवा.

निळाई
तारखा २५ ला अडकल्याच तर फुरानोच्या वायव्येला होकुर्यूला जा. तिथली सूर्यफुलांची टेकडी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पूर्वार्धात भरात असते. फुलांची तोंडं पूर्वेकडे असतात, त्यामुळे फोटो सकाळीच घ्या.