घंटा वाजल्या होत्या

ग्रुप: ए-बी विंग ऑफिशियल, डोंबिवली पूर्व
सोमवार, १३ मे २०१९

७:२६ देशमुख काकू (ए-३०२): ४०२ मधून किंचाळल्याचा आवाज आला. "जाळलं, सगळं जाळलं" असं दोनदा स्पष्ट ऐकलं मी. बेल वाजवली, कुणी उघडत नाही. यादवला सांगून ए विंगचा मेन स्विच पाडायला लावलाय. सगळ्यांनी सिलिंडर बंद करा.

७:२७ कदम काका (बी-३०१): शुभ सकाळ. आजचा दिवस आनंदात जावो.

७:२८ स्नेहा (ए-४०२): काकू, आग वगैरे काही नाही हो. टीव्ही बघत होते, आवाज मोठा होता म्हणून बेल ऐकू आली नाही. खूप सॉरी. पण स्विच चालू करायला सांगा ना प्लीज, लवकर.

७:२८ देशमुख काकू: टीव्ही? सकाळी सात वाजता?

७:२९ मंदार (ए-२०४): काकू, गेम ऑफ थ्रोन्स. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागतं तेव्हा आपल्याकडे सोमवारचे साडेसहा. शेवटचा सीझन आहे, पाचवा भाग. ड्रॅगन भिंतीवर येऊन बसला आणि टीव्ही बंद. माझं दोन मिनिटं मागे चालू होतं. कृपया कुणीही काही लिहू नका.

७:३० रोहन (बी-५०३): म्हणजे ए विंगने जाळताना बघितलंच नाही? अरे डॅनीने, त्या ड्रॅगनवाल्या राणीने, अख्खं शहर जाळलं. शरण आल्यावर. शरणागतीच्या घंटा वाजल्यावर!

७:३० मंदार: रोहन!!!

७:३१ रोहन: सॉरी. पण स्नेहा स्वतःच "जाळलं" ओरडली, काकूंनी इथे लिहिलं. स्पॉयलर काकूंनी दिला, मी नाही.

७:३१ देशमुख काकू: मी काय दिलं?

७:३२ नेने आजोबा (ए-६०१): मी लिफ्टमध्ये आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. हातात दुधाच्या दोन पिशव्या आहेत. माहितीसाठी.

७:३३ फडके (सेक्रेटरी): आजोबा, घाबरू नका, यादवला पाठवतो. देशमुख वहिनी, मेन स्विचला हात लावण्याआधी मला एक फोन करायचा होता.

७:३४ देशमुख काकू: केला होता. दोनदा. उचलला नाही.

७:३५ फडके: काल मॅच संपायला उशीर झाला. झोपलो होतो.

७:३५ कदम काका: एका धावेने! मलिंगा!

७:३६ सावंत (बी-१०१): लिफ्टला बॅटरी बॅकअप असता तर ही वेळ आली नसती. मागच्या कमिटीने कोटेशन आणून ठेवलं होतं. फाईल ऑफिसात आहे. उघडली असेल तर.

७:३७ फडके: सावंतसाहेब, कोटेशन आणलं होतं, पैसे ठेवले नव्हते. हा विषय वार्षिक सभेत.

७:४१ यादव वॉचमन: लाइट चालू. बाबाजी बाहर.

७:४३ मंदार: आता आम्ही ए विंगवाले उरलेला भाग बघतोय. सव्वाआठपर्यंत कुणीही एक शब्द लिहू नये ही नम्र विनंती.

७:४४ रोहन: ओके. फक्त एवढंच, जेमी आणि सर्सी दोघेही

७:४४ रोहन: डिलीट करतोय थांबा

७:४५ स्नेहा: वाचला मी. वा. धन्यवाद.

७:४६ रोहन: खरंच चुकून. पण घंटा वाजल्या होत्या हे खरं आहे ना? सैनिकांनी तलवारी टाकल्या होत्या. युद्ध संपलं होतं.

७:४८ नेने आजोबा: रोहन, तुझ्या काळजीबद्दल आभारी आहे. हो, घंटा मी तीनदा वाजवली. कुणी ऐकली नाही.

८:१९ मंदार: झालं बघून. आता बोला.

८:२० स्नेहा: मी इतकी रडले. आठ वर्षं तिच्यासाठी बघत होते मी. लग्नाआधीपासून. आणि शेवटी एक एपिसोड आधी तिला राक्षसीण करून टाकली.

८:२१ रोहन: तेच म्हणतोय मी. घंटा वाजल्या होत्या. शहर जिंकलं होतं. राणी सर्सीच्या किल्ल्यावर जाऊन तिला जाळायचं तर जाळ. गल्लीतल्या बायकापोरांनी काय केलं होतं?

८:२३ मंदार: अचानक नाही झालेलं. तुम्ही लोक तिचे केस आणि ड्रॅगनच बघत राहिलात. दुसरा सीझन आठवा. कार्थ शहराच्या वेशीवर आत घेत नाहीत तेव्हा ती काय बोलते? माझे ड्रॅगन मोठे झाले की आम्ही शहरंच्या शहरं जाळू, आणि आत घेतलं नाहीत तर आधी तुम्हाला. २०१२ साली सांगून ठेवलंय बाईने. त्याच सीझनच्या शेवटी तिला सिंहासनाचा दालन दिसतो, छप्पर उडालेलं आणि वरून पांढरं काहीतरी पडतंय. आपण सगळे बर्फ समजलो. आज समजलं, राख होती ती.

८:२५ स्नेहा: दालन दिसतं. दिसतो नाही.

८:२५ मंदार: मुद्दा बघ ना.

८:२७ स्नेहा: मुद्द्यालाच येते. चौथ्या सीझनचा शेवट आठव. एक गरीब माणूस पोरीची जळालेली हाडं घेऊन दरबारात येतो. तिच्याच ड्रॅगनने, ड्रोगॉनने, मारलेली असते. तेव्हा हीच बाई उरलेल्या दोन ड्रॅगनांना, पोटच्या पोरांसारखे असताना, स्वतःच्या हाताने साखळ्या घालून तळघरात कोंडते. रडत रडत. एका पोरीसाठी. ती बाई आज हजारो पोरं जाळते? आणि कारण काय दाखवलं? किल्ल्याकडे बघून चेहरा वाकडा केला. संपलं कारण.

८:२८ केतन (ए-५०१, सध्या न्यू जर्सी): मी लाइव्ह बघितलं. इकडे आज मदर्स डे होता. आणि मुहूर्त साधून ड्रॅगनांच्या आईने हे केलं.

८:२९ फडके: केतन, मेंटेनन्सचा चेक अजून आलेला नाही.

८:३० मंदार: स्नेहा, मीरीन शहरात गुलामांच्या १६३ मालकांना खांबांवर ठोकून मारलं ते विसरलीस? सातव्या सीझनमध्ये टार्ली बापलेकांना जाळलं, का तर गुडघे टेकले नाहीत. तेव्हा आपणच टाळ्या वाजवल्या.

८:३१ रोहन: त्या मालकांनी आधी १६३ पोरं तशीच टांगली होती रस्त्याने. हिशेब होता तो. टार्ली लढायला आले होते. इथे घंटा वाजल्या होत्या.

८:३२ शिल्पा (बी-४०२): मी ऑफिसच्या गडबडीत होते, आत्ता वर वाचतेय. हे काय चाललंय ग्रुपवर? कुठे आग लागली?

८:३३ मंदार: वहिनी, सिरीयल. आग मोठी होती पण आर्या वाचली. शेवटी पांढऱ्या घोड्यावरून निघून गेली.

८:३३ शिल्पा: आमची आर्या क्लासला गेली आहे!! कोणता घोडा?

८:३४ स्नेहा: वहिनी, टीव्हीतली आर्या. मंदार, आडनाव लाव रे बाबा.

८:३६ शिल्पा: हात कापायला लागले माझे. गेल्या महिन्यात पण मतदानाच्या दिवशी सकाळी कुणीतरी जिन्यात ओरडत होतं "आर्याने मारला, आर्याने मारला". मी तिला उठवून विचारलं, कुणाला मारलंस.

८:३७ कदम काका: तो तिसरा भाग. मुलगा मला पण बसवून बघत होता. इतका अंधार की मी उठून टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला, मग चष्मा पुसला, मग मतदानाला गेलो.

८:३९ सावंत: मी ही सिरीयल बघत नाही. पण वाचून एक सांगतो, सत्ता हातात आली की माणूस असाच होतो. आधी सगळ्यांच्या भल्याच्या गोष्टी, मग कुणाचा फोनसुद्धा उचलायचा नाही.

८:४१ फडके: बोट कुणाकडे आहे कळलं. मी ड्रॅगनवरून सोसायटी जाळलेली नाही. पार्किंगचे पट्टे मारले एवढंच केलं.

८:४२ सावंत: पट्टे कुणाच्या सोयीचे मारले ते सर्वांना दिसतं. मी नाव घेतलं नाही.

८:४३ फडके: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया सर्वांनी लक्षात ठेवावे.

८:४४ रोहन: बरोबर. पण घंटा वाजल्या होत्या.

८:४५ नेने आजोबा: हो रे बाळा. तीनदा. झालं आता, मी चहा घेतोय.

८:४८ स्नेहा: मला खरा राग जेमीचा आला आहे. डॅनी तरी समजू शकते. तिसऱ्या सीझनमध्ये हौदात बसून तो ब्रिएनला सांगतो की मी राजाला का मारलं. राजाने शहराखाली वणव्याचं रसायन पुरून ठेवलं होतं, सगळ्यांना जाळा म्हणत होता, म्हणून याने पाठीत तलवार घातली. जन्मभर "राजाचा खुनी" म्हणून शिव्या खाल्ल्या. आणि आज काय म्हणतो, मला त्या लोकांचं कधी काही पडलंच नव्हतं. अरे मग मारलास कशाला? त्याच राजाची पोरगी तेच शहर जाळतेय, मधूनमधून ते जुनं रसायनसुद्धा हिरवं पेटताना दाखवलंय, आणि हा तळघरात बहिणीचा हात धरून उभा. आठ वर्षांत माणूस सुधारला आणि एका वाक्यात परत पहिल्या भागातल्या खिडकीशी आणून ठेवला, पोराला ढकलणारा.

८:५० मंदार: काही माणसं सुधारत नाहीत. व्यसन असतं ते. दारू सोडलेला माणूस दहा वर्षांनी परत बसलेला तू बघितला नाहीस का? मला ते खरं वाटलं.

८:५१ देशमुख काकू: बहिणीचा?

८:५१ स्नेहा: काकू, ते सोडा.

८:५३ मंदार: खरी बोंब वेगळीच आहे. मूळ कादंबऱ्या पाच आल्या, पाचवी २०११ ला. सहावी अजून नाही. तिथवर लेखकाचं बोट धरून चालले, पुढे मालिकेचे हे दोघे निर्माते मोकळे सुटले. त्यात पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात, हा सहा. डॅनीला वेड लागणारच होतं, पण त्याला वीस भाग लागतात. दोन भागांत उरकलं की असं होतं. लग्न चार दिवसांचं असतं, यांनी रजिस्टर उरकलं.

८:५४ रोहन: म्हणजे मान्य कर ना, की घंटा वाजल्यावर जाळायला कारण नव्हतं.

८:५५ मंदार: घाई झाली हे मान्य. कारण नव्हतं हे नाही.

८:५५ रोहन: घंटा!

८:५६ कदम काका: रोहन, ग्रुपवर भगिनी आहेत. भाषा सांभाळ.

८:५६ रोहन: काका, एपिसोडचंच नाव ते आहे.

९:०२ देशमुख काकू: मी सगळं वाचलं. मला यातलं काही माहीत नाही, एकच विचारते. या मुलीचं माणूस कोण होतं जवळ?

९:०४ स्नेहा: आता कुणीच नव्हतं काकू. नवरा आणि बाळ पहिल्याच सीझनमध्ये गेले. तीन ड्रॅगनपैकी दोन मेले, एक गेल्या भागात. जुना विश्वासू सरदार तिसऱ्या भागात तिला वाचवताना मेला. मैत्रिणीचं मुंडकं तिच्या डोळ्यांसमोर उडवलं. ज्याच्यावर जीव तो भाचा निघाला, आणि गादीवर हक्क त्याचाच जास्त. तो जवळ येईना.

९:०५ मंदार: भाग सुरू होतो तेव्हा कोंडून घेतलेलं असतं तिने. जेवत नाही. तिचा हेरखात्याचा मंत्री स्वयंपाकघरातल्या एका पोरीला विचारतो, खातेय का काही? पोरगी म्हणते, नाही. बहुतेक जेवणातून विष द्यायचं चाललं होतं.

९:०७ देशमुख काकू: म्हणजे जेवली नाही हे एकानेच विचारलं, आणि ते विष घालायचं म्हणून.

९:०९ स्नेहा: काकू, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

९:१० रोहन: ठीक आहे. पण तरीसुद्धा घंटा

९:१० शिल्पा: रोहन, पुरे!

९:१४ केतन: मला झोप येईना. रात्रीचे पावणेबारा झालेत. ड्रॅगन मेला तेव्हाच मला वाटलेलं आता ही बया कुणाचं ऐकणार नाही. तरी गेल्या भागात टेबलावर कॉफीचा कप राहिला होता, तसली चूक या भागात नव्हती हे नशीब.

९:१५ फडके: केतन, चेक.

९:१५ केतन: उद्या ऑनलाइन टाकतो काका.

९:१७ सावंत: चौथ्यांदा "उद्या" ऐकतोय. असो.

९:२२ देशमुख काकू: स्नेहा, संध्याकाळी पिठलं करणार आहे, येऊन जा. आणि बेल वाजली की ऐकत जा.

९:२५ स्नेहा: येते काकू. आणि खरंच सॉरी, सगळ्यांनाच. नेने आजोबा, तुम्हाला विशेष.

९:२६ नेने आजोबा: मला काही झालं नाही. दूध मात्र नासलं बहुतेक, लिफ्टमध्ये फार उकडत होतं. एक शंका आहे. रोहन सकाळपासून माझ्या लिफ्टच्या घंटेबद्दलच बोलत होता ना?

९:२७ रोहन: हो आजोबा.

९:३१ फडके (सेक्रेटरी): सूचना. पुढच्या सोमवारी, २० मे रोजी सदर मालिकेचा शेवटचा भाग आहे असे कळते. त्या दिवशी सकाळी ६:३० ते ८ या वेळेत सेक्रेटरीच्या परवानगीशिवाय कुणीही मेन स्विचला हात लावू नये. आरडाओरडा करणाऱ्यांनी दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. माझा फोन चालू असेल. लिफ्टच्या बॅटरीचा विषय सभेत घेतला जाईल.

९:३२ सावंत: फाईल हिरव्या रंगाची आहे. खालच्या कप्प्यात.

९:३३ देशमुख काकू: आणि त्या वेळेत खरंच आग लागली तर?