देव मानत नाही, पण मरणाची भीती जात नाही. तुम्ही कसं निभावता?

उत्तररात्र:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते. मी कॉलेजपासून नास्तिक आहे. कुणाशी भांडून वगैरे नाही, वाचत विचार करत हळूहळू तिथे पोचले, आणि आत्मा, पुनर्जन्म, स्वर्ग यातलं काहीच मला खरं वाटत नाही. आता चाळिशी आलीये. दिवसा सगळं ठीक असतं, काम, घर, मुलगी, वेळच नसतो. पण रात्री लाइट बंद केला, सगळे झोपले की एकदम आतून जाणवतं की मी एक दिवस नसणार आहे, म्हणजे खरंच नसणार, कायमची, आणि आपण नाही आहोत हे कळायलाही मी नसणार. छातीत धस्स होतं, उठून बसते, तळहाताला घाम येतो, मग मोबाइल घेऊन मेल्यावर मेंदूचं काय होतं असलं काहीतरी वाचत बसते, त्यात मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असते.

कुणाशी बोललं की ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे नामस्मरण कर, शांत वाटेल. ते मला जमत नाही कारण बरं वाटावं म्हणून एखादी गोष्ट खरी मानणं माझ्याच्याने होत नाही. दुसरं, माझ्यासारखंच न मानणारे मित्र म्हणतात, अगं मेल्यावर तुला कळणारच नाही, मग घाबरतेस कशाला? हे बुद्धीला पटतं पण रात्री काडीचा उपयोग होत नाही. कळणार नाही हीच तर भीती आहे!

ज्यांचा कशावरच विश्वास नाही आणि तरी जे यातून गेलेत त्यांनी नेमकं काय केलं ते ऐकायचंय. धर्माकडे वळा असे सल्ले प्लीज नकोत, मानणाऱ्यांबद्दल आदर आहेच.

जुनी_वही:
तुमचे मित्र सांगतात ते मुळात एपिक्युरसचं म्हणणं आहे, इसवी सनापूर्वी 341 ते 270 मधला ग्रीक माणूस. आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही, मग त्याचा आपल्याशी संबंधच काय. पुढे रोमन कवी लुक्रेशियसने त्यात भर घातली की जन्माआधीचा अनंत काळ तुम्ही नव्हतात, त्याचं कधी वाईट वाटलं का? तर मग पुढच्या काळाचं का वाटावं.

पण मला स्वतःला हे अर्धंच वाटत आलंय, आणि तुम्हाला ते पुरत नाही यात तुमची काही चूक नाही. थॉमस नेगल नावाच्या तत्त्वज्ञाने 1970 मध्ये याला नीट उत्तर दिलंय. मरण वाईट आहे ते मेल्यावर काहीतरी सोसावं लागतं म्हणून नाही, जे मिळालं असतं ते हिरावलं जातं म्हणून. मुलगी मोठी झालेली बघणं, अर्धवट राहिलेलं काम, उद्याची सकाळ. नसण्याचा त्रास होणार नाही हे खरं, पण असण्याची किंमत आहे हेही खरंच आहे ना. तेव्हा मरण नकोसं वाटणं हा काही विचारातला घोटाळा नाही, जगणं हवंसं असल्याचा तो हिशोबच आहे. मला हे कळलं तेव्हा एक गोष्ट झाली, मी भीतीशी वाद घालणं सोडून दिलं. वाद घालायचा म्हणजे ती चूक आहे असं सिद्ध करायचं, आणि ती पूर्ण चूक नाहीच, म्हणून आपण दर वेळी हरतो.

एपिक्युरसचा युक्तिवाद सगळे सांगतात, तो स्वतः कसा गेला ते फार कुणी सांगत नाही. मूतखड्याने लघवी अडलेली, भयंकर वेदना, आणि त्या शेवटच्या दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं. त्यात लिहिलंय की दुखणं याहून वाढू शकत नाही इतकं आहे, पण आपल्या पूर्वीच्या गप्पा आठवून जो आनंद होतो तो त्या सगळ्याला पुरून उरतोय. आणि पुढे काय, तर आधी वारलेल्या एका मित्राच्या मुलांची काळजी घे. शेवटच्या दिवशी त्याला युक्तिवाद आठवला नाही, गप्पा आठवल्या आणि मुलं आठवली. मला त्याच्या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा हे पत्र जास्त धीर देतं.

भाविक_एक:
सल्ला देत नाही, फक्त एक सांगतो. मी मानणारा आहे, रोज पूजा करतो, आणि ही भीती मलाही आहे. श्रद्धा असली की मरणाचं काही वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर ते तसं नाहीये. आमच्यातही रात्री उठून बसणारे आहेत, फक्त ते बोलत नाहीत कारण लोक म्हणतील हाच का तुझा विश्वास. तुमच्याकडे नसलेलं औषध आमच्याकडे आहे असं समजून झुरू नका.

जुनी_वही:
@भाविक_एक, मनापासून आभार, हे सहसा कुणी बोलत नाही. 1776 च्या जुलैमध्ये बॉसवेल नावाचा स्कॉटिश लेखक मरणाला टेकलेल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाला भेटायला गेला होता. ह्यूम धर्म न मानणारा म्हणून प्रसिद्ध, त्याला विचारलं की आपण पूर्ण नाहीसे होणार याने अस्वस्थ वाटत नाही का? तो म्हणाला अजिबात नाही, पूर्वी नव्हतो त्याने जेवढं वाटतं तेवढंच. आणि या भेटीने हादरला कोण, तर मानणारा बॉसवेल. ह्यूम ऑगस्टमध्ये गेला, शेवटपर्यंत शांत. सगळ्यांचा पिंड असा नसतो हेही खरं, लुक्रेशियसचं तेच वाक्य ह्यूमला पुरलं आणि तुम्हाआम्हाला पुरत नाही.

रात्रपाळी:
मी पॅलिएटिव्ह वॉर्डात नर्स आहे, म्हणजे जिथे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करायला बघतात, बरीच वर्षं झाली. तत्त्वज्ञान मला फार येत नाही पण जे रोज बघते ते सांगते, कारण भीतीतला बराच भाग न बघितल्यामुळे असतो असं माझं मत झालंय.

जाण्याच्या जवळ आलेली माणसं मला, मी कुठे जाणार, असं क्वचितच विचारतात. विचारतात ते हे की दुखेल का, गुदमरेन का, रात्री कोणी जवळ असेल ना, घरच्यांचे हाल होतील का. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर काहीतरी करता येतं. दुखण्याला मॉर्फिन आहे, नीट मोजून दिलं तर माणूस शुद्धीत राहून बोलतो. दम लागण्यालाही औषधं आहेत. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, सुरू केलं तेव्हापासून हा सगळा अभ्यास वाढत गेलाय, शरीराचं दुखणं, मनाचं, घरादाराचं आणि जगण्याच्या अर्थाचं हे सगळं मिळून एकच दुखणं असतं असं त्या म्हणायच्या. त्या स्वतः पक्क्या ख्रिश्चन, पण तिथे कुणालाही धर्म न विचारता घेत.

आजाराने हळूहळू जाणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस बहुतेकदा कसे असतात सांगते. झोप वाढते, खाणंपिणं सुटतं, आणि ते जबरदस्तीने भरवायचं नसतं कारण शरीरालाच नको असतं. हातपाय गार पडतात. श्वास अनियमित होतो, मध्येच बराच वेळ थांबतो, परत सुरू होतो. घशात घरघर होते, ती ऐकून नातेवाईक फार घाबरतात, पण तोवर माणूस बहुधा बेशुद्ध असतो, त्याला तिचा त्रास होत असल्याचं दिसत नाही. आम्ही ओल्या कापसाने ओठ पुसतो, कूस बदलून देतो, बोलत राहतो. सगळ्यांचं असं शांतपणे होतं असं म्हणणार नाही, काहींचं अवघड जातं. पण रात्री डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा बहुतेकांचं बरंच साधं असतं.

मानणारे आणि न मानणारे यात मला तरी मोठा फरक दिसलेला नाही. फरक दिसतो तो ज्यांचं कुणाशी तरी बोलायचं राहिलंय त्यांच्यात. वर्षानुवर्षं अबोला असलेल्या भावाला फोन लावून द्या म्हणणारे लोक बघितलेत मी, आणि फोन झाल्यावर त्या माणसाचा चेहरा वेगळाच असतो हो. शक्य असेल तर असे फोन आत्ताच करा, तब्येत ठणठणीत असताना.

दीर्घश्वास:
वरचं सगळं उत्तम आहे पण तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांनी सोडून दिली, ते रात्री मोबाइलवर वाचत बसणं. ते बंद करा. मला अगदी हाच त्रास होता आणि थेरपिस्टने पहिलं तेच थांबवायला लावलं. होतं काय की भीती वाटते, आपण उत्तर शोधतो, काहीतरी वाचून थोडं बरं वाटतं, मग मेंदू शिकतो की हा धोका खराच होता आणि शोधल्यामुळे आपण वाचलो, आणि दुसऱ्या रात्री परत तेच मागतो. खाज आली की खाजवत राहण्यासारखं आहे ते, जखम त्यानेच वाढते.

धस्स होणं, घाम, हे पॅनिकचं आहे, शरीरातलं अ‍ॅड्रेनलिन. काही मिनिटांत वर चढतं आणि आपोआप उतरतं, तुम्ही काहीच केलं नाहीत तरी. तेव्हा त्या वेळी मरणाचा प्रश्न सोडवायला बसायचंच नाही. पाय जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश सोडा, "हो, मी एक दिवस मरणार आहे" एवढं एकदा मनात म्हणा, आणि पुढचं दिवसा बघू. आणि मग दिवसा खरोखर बघायचं, हे महत्त्वाचं. मला दुपारच्या उजेडात बसून स्वतःचा मृत्युलेख लिहायला लावला होता. पहिल्यांदा हात थरथरला, परत परत लिहून मग तो एक साधा कागद झाला. याला सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) म्हणतात, भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं हा त्याचा एक भाग. झोप वारंवार उडत असेल तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटाच, नास्तिक असण्याचा आणि याचा काही संबंध नाही.

उत्तररात्र:
सगळ्यांचे उत्तर वाचून खूप बरं वाटलं, एकटी नाही हे कळलं. एपिक्युरसच्या पत्राचं माहीतच नव्हतं. मोबाइल आजपासून दुसऱ्या खोलीत.

एक राहिलं. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, परवा झोपताना विचारलं, आई तू मरणार का? आणि मेल्यावर कुठे जातात? मला खोटं सांगायचं नाहीये, आकाशातला तारा वगैरे, पण माझीच भीती तिच्या डोक्यात घालायची नाहीये. काय सांगू?

रात्रपाळी:
खरं सांगा, पण छोटं सांगा. मेल्यावर शरीर काम करायचं थांबतं, श्वास नसतो, भूक लागत नाही, काही दुखत नाही आणि परत सुरू होत नाही. साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात बऱ्याच मुलांना हे समजायला लागतं. "झोपली" किंवा "लांब गेली" असं चुकूनही म्हणू नका, मुलं शब्दाला धरून बसतात आणि मग झोपायला नाहीतर तुम्ही बाहेर निघालात की घाबरतात. मेल्यावर कुठे जातात याला "मला वाटतं कुठेच जात नाहीत, काही लोकांना वेगळं वाटतं" हे उत्तर चालतं.

पण तू मरणार का या प्रश्नाच्या पोटात बहुतेकदा दुसराच प्रश्न असतो, मग मला कोण सांभाळेल. तेव्हा कधीच मरणार नाही असं वचन देऊ नका. मी खूप म्हातारी होईपर्यंत राहीन असं मला वाटतं, आणि मला काही झालंच तर ही ही माणसं तुझ्याजवळ असतील, असं नावं घेऊन सांगा. त्या माणसांना आधी विचारून ठेवा. आणि मृत्युपत्रात तिची पालक म्हणून त्यांची नावं घालायची राहिली असतील तर तेही लगेहात उरका, बहुतेकांचं राहिलेलंच असतं.