तुरीचे पाणी, सिकलसेल आणि विलंबकाळाचे गणित

वैनगंगेकाठचा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षात असून संख्यात्मक विश्लेषण हा माझा विशेष विषय आहे. माझ्या थोरल्या काकांच्या मुलीला, वय वर्षे १४, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे; त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. आमच्या भागात म्हणतात तसे, तिचा पॅटर्न 'एसएस' आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकल जनुक आलेला. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित सुरू आहे, तरीही दर हिवाळ्यात एकदा तरी तिचे हातपाय असह्य दुखू लागतात आणि सलाईन लावण्यासाठी तिला दवाखान्यात न्यावे लागते. नायजेरियात तुरीच्या दाण्यांपासून या आजारावर औषध करतात, असे गेल्या दिवाळीत एका नातेवाइकांनी सांगितले. तेव्हापासून काकू रात्री तूर भिजत घालतात आणि सकाळी ते पाणी पेलाभर तिला देतात. मी शोध घेतला तेव्हा ही निव्वळ अफवा नसल्याचे दिसले. तुरीच्या अर्कातील फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल लाल पेशींना विळ्याचा आकार येण्यास अटकाव करते, असे मांडणारा तेथील संशोधकांचा १९९० सालचा शोधनिबंध आहे.

यावरूनच मला प्रकल्पाचा विषय सुचला. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तंतू कसे बनतात याची अवकल समीकरणे मांडायची, त्यांत फेनिलअ‍ॅलनिनचे पद घालायचे आणि रोज किती तूर लागेल याचे उत्तर काढायचे, असा बेत होता. परंतु ऑयलरच्या साध्या पद्धतीने, म्हणजे काळाच्या लहान लहान पायऱ्या घेत, समीकरणे सोडवली की काही पायऱ्यांनंतर हिमोग्लोबिनची संहती (द्रावणातील प्रमाण) चक्क ऋण येते, आणि सुरुवातीची संहती किंचित बदलली तरी उत्तर कुठल्या कुठे जाते. शिवाय जिल्ह्यात किती बालके या आजारासह जन्मत असतील याचा अंदाजही द्यावा, असे सरांनी सुचवले. वाहकांचे (एकच सिकल जनुक असलेल्यांचे) प्रमाण १० टक्के धरून मी हार्डी-वाइनबर्ग सूत्र वापरले, जे वाहकांच्या प्रमाणावरून रुग्णांचे प्रमाण काढू देते, तर दहा हजार जन्मांमागे २८ हे उत्तर आले. ज्या आरोग्यसेविका आमच्याकडे येतात त्यांना हा आकडा फारच कमी वाटला. माझे नेमके कुठे चुकते आहे?

अवकल

ऋण संहती हा तुमच्या समीकरणांचा दोष नाही, तो पद्धतीचा आहे. १९७४ साली हॉफरिक्टर, रॉस आणि ईटन यांनी दाखवले की सिकल हिमोग्लोबिनच्या द्रावणातून प्राणवायू काढून घेतल्यावर काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सगळे द्रावण जेलीसारखे घट्ट होते. मधल्या शांत काळाला विलंबकाळ म्हणतात. फेरोन यांनी सहकाऱ्यांसह पुढे त्याचे जे स्पष्टीकरण दिले ते असे की, मोकळ्या द्रावणात पहिले बीज तयार होणे अतिशय दुर्मीळ असते. पण एकदा एक तंतू उभा राहिला की त्याच्याच पृष्ठभागावर नवी बीजे धरू लागतात, त्यांचे तंतू होतात, त्यांवर आणखी बीजे येतात. म्हणजे तुमच्या समीकरणांत एक क्रिया गोगलगायीची आणि दुसरी वणव्याची आहे. अशा समीकरणांना आपण वर्गात 'स्टिफ' म्हणतो, आणि त्यांच्यापुढे तुम्ही वापरलेली साधी, म्हणजे पुढच्या दिशेची, ऑयलर पद्धत टिकत नाही. पायरीची लांबी घटवत नेली तर उत्तर सुधारते खरे, पण मग संगणक रात्रभर तापत राहतो. (मी स्वतः पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी हेच केले होते आणि सकाळी पडद्यावर फक्त शून्ये होती.) मागच्या दिशेची ऑयलर पद्धत किंवा गिअर यांच्या नावाने ओळखली जाणारी बहुपायरी पद्धत वापरा, आणि तंतूंच्या संख्येऐवजी तिचा लॉगॅरिदम हा अज्ञात धरा.

तुमची दुसरी तक्रार मात्र मला अधिक मोलाची वाटते, कारण ती मुळात चूकच नाही. विलंबकाळ हा हिमोग्लोबिनच्या संहतीच्या सुमारे ३०व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, असे त्या प्रयोगांत आढळले. परिस्थितीनुसार हा घातांक १५च्या आसपासही येतो. ३० धरून हाताने करून पाहा. संहती ५ टक्क्यांनी घटली तर विलंबकाळ साडेचार पटींहून अधिक वाढतो. १० टक्क्यांनी घटली तर सुमारे २४ पटींनी. हेच उलट बाजूने पाहिले तर संहतीच्या मोजमापात २ टक्क्यांची चूक असेल तेव्हा विलंबकाळ जवळपास १.८ पटींनी चुकतो. अंकीय भाषेत या प्रश्नाचा कंडिशन नंबरच, म्हणजे सुरुवातीची छोटी चूक उत्तरात किती पट होते तो आकडा, ३० आहे. कितीही उत्तम पद्धत घेतली तरी तो कमी होणार नाही, कारण तो निसर्गाचा आहे. म्हणून 'रोज इतके ग्रॅम तूर' असे एकच उत्तर न देता, मोजमापातील चूक गृहीत धरून उत्तराचा पल्ला द्यावा लागेल.

जमल्यास आणखी एक करा. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असले, तरी पहिले बीज केव्हा धरेल हे योगायोगावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच संहतीच्या दोन पेशींचा विलंबकाळ वेगळा निघू शकतो. त्यासाठी गिलेस्पी यांची १९७७ची यादृच्छिक पद्धत उपयोगी पडेल.

सूक्ष्मदर्शी

मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून या गणिताला रक्ताची बाजू जोडते. लाल पेशी केशवाहिनीतून साधारण सेकंदा-दोन सेकंदांत पार होते. विलंबकाळ त्याहून मोठा असेल तर पेशी आकार बिघडण्याआधीच फुप्फुसाकडे परतते आणि प्राणवायू घेऊन पुन्हा सुरक्षित होते. एसएस रुग्णांच्या बहुतेक पेशी याच कारणाने वाचतात, हे ईटन यांच्याच गटाने १९८७ साली दाखवले. हायड्रॉक्सीयुरियाचा मुख्य उपयोगही इथेच आहे: ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, ते हिमोग्लोबिन तंतूंत सामील होत नाही, आणि सिकल हिमोग्लोबिन विरळ होऊन विलंबकाळ लांबतो. भारतातील रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय जनुकरचनेत हे हिमोग्लोबिन आफ्रिकेतील बहुतेक रुग्णांपेक्षा मुळातच जास्त असते. यावरून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' असे सरसकट म्हटले जाते, पण विदर्भातील वॉर्डात एक हिवाळा काढलेला कोणीही हे म्हणणार नाही.

आता तुरीकडे वळू. पाच लिटर रक्त आणि डेसिलिटरमागे ८ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले तर शरीरात ४०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ मिलिमोल हिमोग्लोबिन झाले. एका रेणूमागे औषधाचा एक रेणू हवा असेल, तर फेनिलअ‍ॅलनिनचा रेणुभार १६५ असल्यामुळे साधारण एक ग्रॅम पुरेल असे कागदावर दिसते. व्हॉक्सेलोटॉर हे हिमोग्लोबिनला एकास एक चिकटणारे औषध दिवसाला १५०० मिलिग्रॅम द्यावे लागे, त्यामागे हाच हिशेब होता. (ते औषध २०२४ साली उत्पादकाने जगभरातून मागे घेतले.) फेनिलअ‍ॅलनिनचे मात्र असे होत नाही. ते हिमोग्लोबिनला फार सैल चिकटते, सर्व शरीरात पसरते आणि यकृतातील विकर (एन्झाइम) जादा साठा मोडून टाकते. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ते लिटरमागे सुमारे ६० मायक्रोमोल असते, आणि लाल पेशीच्या आत हिमोग्लोबिन सुमारे ५००० मायक्रोमोल. म्हणजे ८०हून अधिक रेणूंच्या जमावाला एक शिपाई. परीक्षानळीत अर्काची संहती हवी तेवढी वाढवता येते, रक्तात येत नाही. ज्या बालकांत हे विकर जन्मतः निकामी असते त्यांच्या रक्तात फेनिलअ‍ॅलनिन साठते खरे, पण तो फेनिलकीटोनुरिया, दुसराच आनुवंशिक आजार, आणि त्यात उपचार न झाल्यास मेंदूची हानी होते.

तरीही काकूंचा पेला बंद करायला सांगू नका. सिकलसेलच्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची लघवी घट्ट करण्याची क्षमता लहानपणापासूनच घटते, त्यामुळे रात्रभरात शरीरातील पाणी कमी होते, आणि थंडीत मुले पाणी पितही नाहीत. शरीर कोरडे पडले की लाल पेशीतील संहती चढते, आणि अवकल यांनी सांगितलेला ३०वा घात लागू होतो. एका पेल्याने मोजण्याजोगा फरक पडेल असा माझा दावा नाही. पण त्या पेल्यात उपयोगी काही असेल तर ते तुरीपेक्षा पाणीच असण्याची शक्यता अधिक आहे.

वैद्य, सातारा

आयुर्वेदाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण अशा चर्चेत आमच्या नावावर बरेच काही खपवले जाते. सिकलसेलचे वर्णन आमच्या संहितांत नाही. सुश्रुतांनी शुक्र आणि शोणित (पित्याचे आणि मातेचे बीज) यांच्या दोषांतून येणाऱ्या व्याधींना 'आदिबलप्रवृत्त' असा वेगळा वर्ग दिला आहे, ही दृष्टी कौतुकास्पद आहे. पण त्यावरून १९५०च्या दशकात इनग्राम यांनी शोधलेला सिकल हिमोग्लोबिनमधील बदल, म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येणे, आम्हाला आधीच ठाऊक होता, असे म्हणणे हा सुश्रुतांचाही अपमान आहे.

व्यवहारातील धोका वेगळाच आहे. रुग्ण फिकट दिसतो, म्हणून पांडुरोग (रक्तक्षय) समजून मंडूर किंवा लोहभस्म ही लोहयुक्त औषधे दिली जातात. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, आणि त्यांतील लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर ते साठलेलेच असते. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासल्याशिवाय अशा मुलीला लोहकल्प देऊ नये, आणि हायड्रॉक्सीयुरिया कोणाच्याही सांगण्यावरून थांबवू नये.

पारंपरिक औषधाची नीट तपासणी कशी होते हे पाहायचे असेल तर नायजेरियातील निप्रिसान पाहा. तेथील एका परंपरागत वैद्याचा पाठ अबुजाच्या राष्ट्रीय औषधसंशोधन संस्थेने हाती घेतला. त्यात लवंग, ज्वारीच्या झाडाची पाने, पश्चिम आफ्रिकेतील एका मिरीचे दाणे आणि तिकडच्या बिवळ्याच्या जातीतील एका वृक्षाचे खोड आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८२ रुग्ण होते. खरे औषध कोणते आणि दिखाऊ कोणते हे रुग्णाला किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. तीव्र वेदनांचे झटके कमी झाले, पण रक्तक्षयात सुधारणा दिसली नाही. पुढे २००६च्या सुमारास ते निकोसान नावाने बाजारात आले आणि दोनच वर्षांत उत्पादक कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रयोगशाळेत त्याचा प्रभाव कशावर मोजला गेला? सिकल हिमोग्लोबिनच्या त्याच विलंबकाळावर. विद्यार्थ्याने तुरीऐवजी हा मार्ग धरावा असे मला वाटते.

दोन गावे

हार्डी-वाइनबर्गचा प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून निसटला. तुमची आकडेमोड बरोबर आहे: वाहक १० टक्के म्हणजे सिकल जनुकाचे प्रमाण ०.०५२८ आणि त्याचा वर्ग ०.००२८. परंतु हार्डी यांचे १९०८चे ते छोटेसे पत्र हे गृहीत धरते की जिल्ह्यातील कोणाचेही लग्न कोणाशीही जुळू शकते. आपल्याकडे सोयरीक ठरावीक समाजातच होते. समजा, जिल्ह्यातील अर्धे लोक अशा समाजांतील आहेत जिथे वाहक २० टक्के आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांत एकही नाही. सरासरी १० टक्केच राहते, पण पहिल्या गटात जनुकाचे प्रमाण ०.११२७ होते, त्याचा वर्ग ०.०१२७, आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी दहा हजार जन्मांमागे जवळपास ६४. तुमच्या उत्तराच्या दुपटीहून जास्त! वालुंड यांनी १९२८ साली दाखवलेला हा परिणाम आहे. तेव्हा समाजवार विभागणी केल्याशिवाय हे सूत्र वापरू नका, आणि अहवालात समाजांची नावे छापण्यापूर्वी दोनदा विचार करा. आमच्या भागात 'एएस', म्हणजे वाहक, असा शेरा असलेल्या कागदामुळे मुलींची लग्ने मोडलेली मी पाहिली आहेत. वाहक असणे हा आजार नाही. दोघेही वाहक असतील तेव्हाच प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते.

वैनगंगेकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या दिशेची ऑयलर पद्धत आणि लॉगॅरिदम वापरल्यावर ऋण संहती नाहीशी झाली. आलेखात आधी लांब सपाट रेघ येते आणि मग ती भिंतीसारखी उभी चढते. सरांशी बोलून तुरीचे ग्रॅम काढण्याचा बेत सोडला आहे. आता लाल पेशीतील संहतीत एक ते पाच टक्के बदल झाल्यास केशवाहिनीतून सुखरूप पार होणाऱ्या पेशींचे प्रमाण किती बदलते, एवढेच काढायचे ठरले आहे. काकूंना पाण्याचे कारण पटले. तूर वगळायला त्या तयार नाहीत, पण दुपारी आणि रात्रीही एकेक पेला वाढला आहे. बहिणीचे गेल्या तीन वर्षांचे रक्ताचे अहवाल माझ्याकडे आहेत. त्यांतील एमसीएचसी (लाल पेशीतील हिमोग्लोबिनची सरासरी संहती) हा आकडा मी प्रतिमानात थेट वापरू शकतो का?

सूक्ष्मदर्शी

सुरुवातीसाठी वापरा, पण तो सर्व पेशींचा सरासरी आकडा आहे हे लक्षात ठेवा. एसएस रुग्णाच्या रक्तात काही पेशी सरासरीपेक्षा बऱ्याच घट्ट असतात, आणि वाहिन्या तुंबण्याच्या प्रकारात त्यांचाच हात मोठा असतो. त्यामुळे एका आकड्याऐवजी पेशींचे वितरण घ्यावे. शिवाय अहवालावर रक्त घेतल्याची आणि तपासल्याची वेळ पाहा. खेड्यातून आलेली जांभळ्या टोपणाची नळी कधी कधी दुसऱ्या दिवशी यंत्राला लागते; तोवर पेशी फुगलेल्या असतात आणि एमसीएचसी खरा होता त्यापेक्षा कमी दिसतो. ज्या अहवालावर या दोन वेळांत काही तासांहून अधिक अंतर आहे, तो बाजूला ठेवा.