मदत हवी आहे: माझं सेटिंग कडक, पण नणंदेच्या फोनचं काय?

नमस्कार मंडळी, मी वाशीची. एका सोशल अ‍ॅपवर माझं सगळं कुलूपबंद, नंबरही दिलेला नाही. तरी परवा अ‍ॅप सुचवतं त्या ‘तुमच्या ओळखीचे’ यादीत कोण दिसावं? आमची गॅस शेगडी दुरुस्त करणारे काका! त्यांच्याकडे फक्त माझा नंबर. संशय असा की नणंदबाईंनी फोनमधले कॉन्टॅक्ट त्या अ‍ॅपवर अपलोड केलेत, त्यात माझा नंबर आणि ईमेल एकाच नावाखाली सेव्ह. २०१८ ला फेसबुकनेच सांगितलं होतं, भारतात ३३५ जणांनी एक क्विझ अ‍ॅप घेतलं आणि मित्रयादीमुळे ५.६२ लाख लोकांचा डेटा गेला असण्याची शक्यता होती. म्हणजे नवल नाही.

दुसऱ्यांनी चढवलेला माझा नंबर मला काढता येतो का? की एकेकाच्या हातापाया पडून कॉन्टॅक्ट सिंक बंद करायला लावू? नणंदबाईंना कसं सांगू, तेही सुचवा!