गायरान ‘पडीक’ नसतं

‘गायरान नाहीतरी पडीकच असतं, तिथे सौर प्रकल्प झाला तर कुणाचं काय बिघडतं’ असं अनेकजण म्हणतात, ते मला पटत नाही. शेतीपंपांना दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना हवीच. रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारा माणूस घरात असला की दिवसाच्या विजेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पण या चर्चेत एक गोष्ट येत नाही. सौर प्रकल्पांना केंद्राच्या २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्या प्रक्रियेतली जनसुनावणीही होत नाही. गावाला बोलायला उरते ती ग्रामसभा, आणि तिथे विषय ‘आयत्या वेळी’ येतो.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जातात. आमच्याकडे मोजणीच्या दिवशी चुन्याची फक्की पडली तेव्हा कळलं, की ओढ्याकडे उतरणारी मेंढरांची वाट कुंपणाच्या आत गेलीय. सातबाऱ्यावर ती वाट नव्हतीच. होती फक्त खुरांनी झिजलेल्या मुरमात. दोन म्हाताऱ्या मेंढक्यांनी अधिकाऱ्यांना ती पायी चालून दाखवली, तेव्हा कुठे कुंपण मागे सरकलं. म्हणून सांगतो, ठरावावर सही करण्याआधी गुराख्यांना घेऊन शिवारफेरी करा, आणि वाटा, पाणवठे, खळ्याची जागा हाताने काढलेल्या नकाशासकट ठरावातच लिहून घ्या. खांब रोवले गेल्यावर कोणी ऐकत नाही.