क्लोज्ड प्रायमरी म्हणे अन्याय! अहो, फॉर्म भरा की

जर्सीकर जुना:
काल खमंग यांचं लिखाण वाचून डोकं फिरलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की २०२५ च्या जूनमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरच्या प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) ते डेमोक्रॅटिक बॅलट, म्हणजे मतपत्रिका, मागायला गेले, नोंद रिपब्लिकन म्हणून होती म्हणून मिळाला नाही, आणि "मतदाराला दारातून परत पाठवणारी ही कसली लोकशाही, टेक्साससारखं सगळीकडे ओपन करा, नोंद न बघता कोणालाही मत देऊ द्या". तिथेच उत्तर द्यायला बसलो पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

एक तर न्यू जर्सी पूर्ण क्लोज्ड, म्हणजे फक्त पक्षात नोंद असलेल्यांसाठी, नाहीच. कुठल्याच पक्षात नाव नसेल तर त्या दिवशी जाऊन सांगायचं, हा पक्ष, की मिळतो बॅलट. आधीच एका पक्षात असाल आणि दुसरीकडे जायचं असेल तर ५५ दिवस आधी फॉर्म द्यायचा, बस. क्लोज्ड बघायचंय तर नदीपलीकडे न्यूयॉर्कला जा. तिथे पक्षाबाहेरच्याला प्रायमरीत काहीच नाही, आणि जूनसाठी पक्ष बदलायचा तर १४ फेब्रुवारीच्या आत. २०१६ ला तर एप्रिलच्या प्रायमरीची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती, इव्हांका आणि एरिक ट्रम्पला सख्ख्या बापाला मत देता आलं नाही!

दुसरं, प्रायमरी ही पक्षाने आपला उमेदवार निवडायची गोष्ट आहे. आमच्या सोसायटीचा चेअरमन शेजारच्या सोसायटीने का ठरवायचा? ओपन ठेवलं की काय होतं ते मिशिगनमध्ये १९७२ ला दिसलं. जॉर्ज वॉलेससारखा कट्टर वर्णद्वेषी माणूस डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकला, कारण रिपब्लिकनांकडे राष्ट्राध्यक्ष निक्सनला स्पर्धाच नव्हती आणि रिपब्लिकन मतदार मोकळेच होते, आले इकडे.

खमंग:
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभार, आणि नेहमीप्रमाणे अर्धंच वाचल्याबद्दल पण. मी रिपब्लिकन "झालो" कधी ते लिहिलं होतं. काही वर्षांपूर्वी प्रायमरीला गेलो, टेबलावरच्या आजीबाईंनी कोणता पक्ष विचारलं, मी सांगितलं, मत दिलं, घरी आलो. त्या एका वाक्याने मी पक्षाचा सभासद झालो हे मला कोणीही सांगितलं नाही. यावेळी डेमोक्रॅटांकडे सहा उमेदवार होते आणि खरी लढत तिथेच होती, मला फक्त "सॉरी सर" मिळालं.

आणि ती सोसायटी. सोसायटीच्या निवडणुकीचा खर्च महापालिका करते का? प्रायमरीची यंत्रं, कर्मचारी, छपाई सगळं सरकारी पैशातून, म्हणजे माझ्या टॅक्समधून. पैसे माझे आणि दार तुमचं. वा!

डेट्रॉइटकर:
वॉलेसचं अर्धसत्य आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी मेरीलँडमध्ये त्याला गोळ्या घातल्या होत्या, आणि शाळांच्या बसिंगवरून (काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत पाठवणं) इथले कितीतरी गोरे डेमोक्रॅट स्वतःच पेटलेले होते. सगळं खापर ओपन प्रायमरीवर नको.

इथे मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणी हा प्रकारच नाही. ऑगस्टच्या प्रायमरीच्या बॅलटवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात, एकात मत द्यायचं, दोन्हीकडे खुणा केल्या की तो अख्खा भाग बाद. तुम्ही कुठला रकाना भरला ते कोणाला कळत नाही. आणि डेट्रॉइटसारख्या एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्यात नोव्हेंबरची मुख्य निवडणूक हा नुसता उपचार असतो. आपले बेळगावचे श्री ठाणेदार बघा, २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत तिसरे आले, २०२२ ला १३व्या डिस्ट्रिक्टमध्ये (मतदारसंघात) खासदारकीच्या प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीत सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले (स्वतःचा पैसाही ओतला) आणि तिथेच खासदारकी पक्की झाली. अभिमान आहे, पण २८ टक्के! ओपन असो की क्लोज्ड, गर्दी झाली की असंच होणार.

फ्रीमाँटवाली माई:
म्हणूनच आमचं कॅलिफोर्नियाचं टॉप-टू बरं. सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत, पहिले दोन नोव्हेंबरला. २०१४ आणि २०१६ ला खासदारकीसाठी रो खन्ना विरुद्ध माइक होंडा, दोघेही डेमोक्रॅट, शेवटपर्यंत लढत. शेजारचे रिपब्लिकन आजोबा खूश होते, पहिल्यांदाच दोन्ही बाजूंची पत्रकं त्यांच्याही दारात पडली.

जर्सीकर जुना:
माई, २०१२ सोयीस्कर विसरलात. सॅन बर्नार्डिनोकडचा ३१वा डिस्ट्रिक्ट, ओबामा आरामात जिंकला अशी जागा, पण चार डेमोक्रॅटनी मतं फोडली आणि नोव्हेंबरला दोन्ही उमेदवार रिपब्लिकन. हा न्याय?

फ्रीमाँटवाली माई:
विसरले नाही, त्या चौघांना अक्कल नव्हती त्याला नियम काय करणार. आमचा खरा घोळ राष्ट्राध्यक्षपदाच्या वेळी असतो, तेव्हा टॉप-टू नाही. आमचे हे कुठल्याच पक्षात नाहीत, त्यांचा पोस्टाने आलेला बॅलट बघितला तर राष्ट्राध्यक्षाचा भागच गायब. डेमोक्रॅटिक हवा असेल तर वेगळा मागायचा, रिपब्लिकन मागून पण मिळत नाही. आणि "इंडिपेंडंट" समजून अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीत नाव घातलेले लोक आहेतच, तो कट्टर उजवा पक्ष आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

कोलंबसचा काका:
बॅलट मागण्यावरून आठवलं. ओहायोत प्रायमरीला ज्याचा बॅलट घ्याल त्या पक्षाचे तुम्ही. २०१६ च्या मार्चमध्ये ट्रम्पला अडवायचं म्हणून मी रिपब्लिकन बॅलट घेऊन आमचा तेव्हाचा गव्हर्नर केसिकला मत दिलं, केसिक इथे जिंकलाही. विषय संपला असं मला वाटलं. पण मतदारयादी इथे कोणालाही डाउनलोड करता येते, कुठल्या सालच्या प्रायमरीला कुठल्या पक्षाचा बॅलट घेतला सगळं त्यात असतं. आमच्या मराठी मंडळातल्या एका महाभागाने ती उतरवून घेतली, कार्यकारिणीच्या निवडणुकीआधी माझ्या नावाची ओळ पिवळी करून ग्रुपवर टाकली, "बघा काका कोण आहेत". गणपतीत मोदक वाढताना लोक माझ्याकडे असे बघत होते की काही विचारू नका.

खमंग:
बापरे. हे तर माझ्यापेक्षा वाईट.

नाशिकची मिरची:
वाईट कसलं? काकांनी दुसऱ्याच्या घरात जाऊन मत दिलं, सापडले. सार्वजनिक नोंद आहे ती, लपवायची होती तर घ्यायचाच नव्हता बॅलट.

कोलंबसचा काका:
मिरचीताई, मी काय चोरी केली? बॅलट मागितला, दिला, मत दिलं. प्रश्न नोंद आहे की नाही हा नाही, मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं कारण काय हा आहे. तुम्ही आमच्याच मंडळाच्या आहात का हो? सूर ओळखीचा वाटतोय.

नाशिकची मिरची:
मी सिएटलला असते! आणि मंडळाचं म्हणाल तर आमच्याकडेही अध्यक्ष कोण होणार ते पाच घरं ठरवतात, पॉटलकला पोळ्या मात्र आम्ही लाटायच्या. तिथली प्रायमरी कोणी ओपन करत नाही.

कोथरूड रिटर्न:
+१. मंडळात क्लोज्ड, तीसुद्धा आजीव सभासदांची. आणि सभासदत्वाचा फॉर्म मागितला की "संपलेत".

जर्सीकर जुना:
मंडळांसाठी वेगळा धागा काढा, प्लीज.

पुण्यातून:
तुम्हाला निदान बॅलट तरी मिळतो हो. इकडे रात्री बाराला एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे ते उमेदवारालाही माहीत नसतं.

एच-वन फॉरेव्हर:
भांडा. आमची ग्रीन कार्डची रांग हलली की ओपन की क्लोज्ड ते कळवतो.

ह्यूस्टनी मिसळ:
खमंग यांना टेक्सासचं फार कौतुक दिसतंय म्हणून सांगते. नोंदणी नाही हे खरं, पण मार्चमध्ये कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं ते इथेही नोंदलं जातं आणि ती यादी प्रचारवाल्यांकडे जाते, त्यामुळे काकांची पिवळी ओळ ह्यूस्टनमध्येही झाली असती. शिवाय मार्चला एकीकडे गेलात की मेच्या रनऑफला (पहिल्या दोघांची फेरलढत) दुसरीकडे जाता येत नाही. दार उघडं आहे, पण आत शिरलात की त्या वर्षापुरतं कडी. एकदा मत दिल्यावर दोन वर्षं निधी मागणारे मेसेज येत होते, स्टॉप लिहिलं तर दुसऱ्या नंबरवरून.

जर्सीकर जुना:
हेच तर म्हणतोय! सुप्रीम कोर्टाने २००० साली कॅलिफोर्नियाची ब्लँकेट प्रायमरी (एकाच बॅलटवर कुठल्याही पक्षाचा उमेदवार निवडता यायचा) ७ विरुद्ध २ ने उडवली ती याच मुद्द्यावर, पक्षाचा उमेदवार निवडताना बाहेरच्यांना आत घ्यायची सक्ती करता येत नाही.

डेट्रॉइटकर:
आणि १९८६ ला त्याच कोर्टाने कनेटिकटच्या रिपब्लिकन पक्षाला सांगितलं, अपक्ष मतदारांना बोलवायचं तर खुशाल बोलवा, राज्याचा कायदा आड येणार नाही. म्हणजे दोन्हीकडून चावी पक्षाकडेच. मतदार कुठे आहे यात?

खमंग:
बरोब्बर. जुने जर्सीकर, ५५ दिवसांचा फॉर्म मला मान्य, भरतो, तुमची कृपा. पण टेबलावर सभासद करून घेताना निदान एक चिठ्ठी तरी द्या!

जर्सीकर जुना:
चिठ्ठीचं ठीक आहे, तेवढं व्हायला हवं. पण आपल्याकडे खरा घोटाळा ओपन-क्लोज्ड नव्हताच, काउंटी लाइन होती. पक्षाच्या लाडक्यांची नावं बॅलटवर एका ओळीत आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. सिनेटला उभा असलेला अँडी किम २०२४ ला कोर्टात गेला तेव्हा कुठे ती मोडली. तेव्हा तुम्ही कुठे होता?

खमंग:
रिपब्लिकन होतो ना मी, तुमच्याच म्हणण्यानुसार. शेजारच्या सोसायटीच्या भानगडीत कशाला पडू?

कोलंबसचा काका:
मिरचीताई, सिएटलचं मंडळ कुठलं ते सांगितलं नाहीत अजून.