टोकियोत एकच मनोरा दाखवायचा असेल तर? टोकियो टॉवर की स्कायट्री

कृष्णाकाठ
आई-बाबा नोव्हेंबरच्या शेवटी कराडहून पहिल्यांदाच टोकियोला येतायत. बाबांचे पाय अजून खणखणीत आहेत, पण आईला गर्दीत फार वेळ उभं राहवत नाही. त्यामुळे या फेरीत मनोरा एकच दाखवायचा आणि तो नीट दाखवायचा, असं ठरवलंय. कुठला, यावर घरात दोन तट पडलेत. बायको स्कायट्री म्हणते, मी टोकियो टॉवर. माझी बाजू मांडतो, पटली नाही तर खुशाल खोडून काढा.

नुसत्या उंचीवर ठरवायचं तर विषयच संपतो. स्कायट्री ६३४ मीटर, टॉवर ३३३. पण आपण काही टोकावर जाऊन उभे राहत नाही. स्कायट्रीचे सज्जे ३५० आणि ४५० मीटरवर आहेत, टॉवरचे १५० आणि २५० वर. १५० मीटरवरून शेजारच्या झोजोजी मंदिराची कौलं दिसतात, सिग्नलला खोळंबलेली माणसं दिसतात. ३५० वर गेलं की माणूस दिसेनासा होतो आणि उरतो तो नकाशा.

दुसरं कारण बाबा. त्यांनी ३१ वर्षं विद्युत मंडळात काढली, त्यातली निम्मी अतिउच्चदाब वाहिन्यांचे मनोरे उभे करण्यात. टोकियो टॉवर १९५८ चा. पोलादी जाळीचा आणि रिव्हेट, म्हणजे डोकं असलेल्या जाड मेखा ठोकून जोडलेला. भट्टीत लालबुंद केलेला रिव्हेट चिमट्यानं वर भिरकवायचा आणि वरच्या माणसानं तो झेलायचा, असं ते काम चालायचं. कोरियाच्या युद्धानंतर मोडीत काढलेल्या अमेरिकी रणगाड्यांचं पोलादही त्यात आहे. हे बाबांना तिथं उभं राहून सांगायचंय मला.

निशीकासाईकर
अजिबात पटलं नाही. नकाशा दिसतो हीच तर स्कायट्रीची खरी कमाई आहे.

माझी आई २०१७ साली नाशिकहून आली होती. त्याआधी दर फोनवर एकच प्रश्न, "तू राहतोस ते नक्की कुठं रे?" मी स्टेशनचं नाव सांगायचो, ती हं म्हणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. स्कायट्रीच्या ३५० मीटरच्या मजल्यावर तिला आग्नेयेकडच्या काचेशी उभं केलं. ती रुंद नदी दिसते ना, ती अराकावा. तिच्यावरून आगगाडीचा पूल गेलाय, तोझाई मेट्रोचा. तेवढ्यात एक गाडी त्यावरून सरकली, काडेपेटीएवढी. म्हटलं, त्या पुलाच्या डाव्या टोकाला आपलं घर आणि त्याच्या मागं ते मोठं चक्र दिसतंय ते समुद्रकाठचं उद्यान. आईनं काचेवर बोट टेकवलं आणि गाडी पुलाच्या शेवटापर्यंत जाईतो तसंच ठेवलं. त्या दिवसानंतर तो प्रश्न तिनं कधी विचारला नाही.

तुम्ही आमच्याच भागात, कासाईकडे राहत असाल तर आईंना हे बघू द्या. टोकियो टॉवरवरून मंदिराची कौलं दिसतात हे खरं, पण आपलं रोजचं जगणं तिकडे नदीपल्याड आहे.

आणखी एक. त्याच मजल्यावर एका जुन्या चित्रपडद्याची प्रतिकृती ठेवली आहे. कुवागाता केइसाई नावाच्या चित्रकारानं १८०९ मध्ये काढलेलं एदो शहर, म्हणजे जुनं टोकियो. समोर सुमिदा नदी, मध्ये किल्ला, मागं फुजी. काचेतून समोर जे दिसतं, जवळजवळ तेच. त्या काळी तिथं एवढ्या उंच चढायला काहीसुद्धा नव्हतं, म्हणजे त्यानं ते सगळं जमिनीवर राहून मनात रचलं. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा त्या पडद्यापाशी जास्त वेळ थांबलो.

गच्चीवरून
दोन्हीचे पैसे वाचवा. शिंजुकूला महानगर सरकारच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटरवर मोफत जाता येतं. टोकियो टॉवरच्या दोन सज्ज्यांच्या बरोबर मध्ये. आईंसाठी लिफ्ट, बसायला जागा, सगळं आहे.

कृष्णाकाठ
@गच्चीवरून, तिथं मी बऱ्याचदा गेलोय, छान आहे. पण ती कचेरीची इमारत. बाबांना मनोरा दाखवायचाय.

@निशीकासाईकर, आम्ही कासाईतच राहतो. पुलाचं वाचून थोडा हललोय, खोटं कशाला बोलू. तरी बाबांचा मुद्दा माझ्यासाठी मोठा आहे.

पूलबांधणी
बाबांचाच मुद्दा घेऊन उलट बाजू मांडतो. मी पुलांच्या कामात आहे. मनोरे उभारलेल्या माणसाला स्कायट्री जास्त आवडेल, असं माझं ठाम मत आहे.

पायथ्याशी तो त्रिकोणी आहे आणि वर जाता जाता गोल होतो. खाली उभं राहून वर बघितलं की कडा वळत गेलेल्या दिसतात. रिव्हेट नाहीत, पोलादी नळ्या वेल्डिंगनं जोडल्यात. पोटात ३७५ मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब आहे आणि त्याचा वरचा भाग बाहेरच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला नाही, मध्ये हेलकावे शोषून घेणारे तेलाचे डँपर आहेत. भूकंपात सांगाडा एका लयीत हलतो, खांब दुसऱ्या लयीत, आणि दोघं एकमेकांचा झोका कमी करतात. जपानी पाच मजली पॅगोड्यांमध्ये मध्यभागी लाकडी खांब असतो, त्याला शिम्बाशिरा म्हणतात. या खांबालाही त्यांनी तेच नाव दिलं.

११ मार्च २०११ च्या भूकंपात टोकियो टॉवरच्या अँटेनाचं टोक वाकलं. स्कायट्रीचं बांधकाम तेव्हा जवळजवळ पूर्ण उंचीला पोचलं होतं. ते तगलं आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला ६३४ मीटर गाठले. हे ऐकल्यावर तुमचे बाबा खांबाबद्दल किती प्रश्न विचारतील बघा.

आणि स्कायट्री बांधला कशाला? टोकियो टॉवरभोवती उंच इमारती झाल्या, त्याच्यावरून सोडल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरी अडायला लागल्या. मनोऱ्याचं काम काय असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही गोष्ट भिडेल.

सदाफुली
पूलबांधणी, खांब पोटात आहे. बाबांना तो दिसणार कसा? टॉवरची जाळी डोळ्यांसमोर असते, हात लावता येतो.

माझा अनुभव सांगते. सासूबाईंना घेऊन जूनमध्ये गेलो होतो. एका यात्रा कंपनीनं स्कायट्रीची तिकिटं महिनाभर आधी काढून ठेवलेली, दिवस बदलायची सोयच नव्हती. वर पोचलो तर काचेबाहेर नुसतं पांढरं. खाली काही नाही, समोर काही नाही. सासूबाई काचेला हात लावून म्हणाल्या, "दूध उतू गेल्यासारखं दिसतंय." पाऊण तास वाट पाहिली आणि खाली आलो. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. संध्याकाळी झोजोजीच्या आवारात नेलं. ओळीनं मांडलेल्या जिझोच्या, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, लहान लहान मूर्ती, डोक्यावर विणलेल्या लाल टोप्या, बाजूला भिरभिरी. जन्माला न आलेल्या बाळांसाठी त्या असतात हे सांगितल्यावर सासूबाई एकेका मूर्तीपुढे थांबत गेल्या. मंदिराच्या दाराशी एक मोठा देवदार आहे, आपल्या हिमालयातला. १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट यांनी लावलेला. त्याच्याखाली होतो तेवढ्यात मंदिराच्या मागं टॉवरचे दिवे लागले. वर गेलोच नाही आणि गरजही वाटली नाही. मनोरा चढायला असतो तसा बघायलाही असतो, आणि बघायला टॉवरच. कृष्णाकाठ, तुमचा पहिला विचार बदलू नका.

निशीकासाईकर
सदाफुलीताई, सासूबाईंचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तो दोष जूनचा आणि आधी काढलेल्या तिकिटांचा. नोव्हेंबरअखेर हवा कोरडी असते. सकाळी खिडकीतून आभाळ बघायचं आणि त्याच दिवशी तिकीट काढायचं. हवा स्वच्छ असली तर शंभरेक किलोमीटरवरचा फुजी दिसतो. फक्त जोराचा वारा सुटला की तिथल्या लिफ्ट थांबवतात, तेवढं आधी बघून घ्यावं.

कृष्णाकाठ
रविवारी जाऊन आलो. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

टोकियो टॉवरलाच गेलो. आई आणि बायको लिफ्टनं गेल्या. मी आणि बाबा जिन्यानं. १५० मीटरच्या मजल्यापर्यंत सुमारे ६०० पायऱ्या, जिना उघड्यावर आणि भोवती जाळी. पायऱ्यांवर आकडे लिहिलेले आहेत. बाबा पहिल्या शंभरात झपाझप गेले आणि मग थांबले. मला वाटलं दम लागला. ते एका सांध्याकडे बघत होते. रिव्हेटच्या डोक्यांवर नारिंगी रंगाचे थरावर थर चढून ती बटणांसारखी गुळगुळीत झालीत. बाबा जाळीतून बोटानं ओळ मोजत राहिले. मग म्हणाले, "एक रांग तिरकी नाही. आम्ही बोल्ट लावायचो, तरी भोकं जुळवताना घाम फुटायचा." पुढं प्रत्येक वळणावर थांबणं झालं. वर पोचायला ४० मिनिटं लागली. चढून आल्याचं कार्ड मिळालं, ते त्यांनी पाकिटात पैशांच्या कप्प्यात ठेवलंय.

साडेचारच्या सुमारास सूर्य मावळला. आई ईशान्येकडे बघत म्हणाली, "तो दुसरा उंच कुठला?" स्कायट्री. म्हटलं, आपलं घर त्याच्या उजवीकडे, लांब. तिनं बराच वेळ तिकडं बघितलं. दिवे लागले होते, त्यात मला काही नीट दाखवता आलं नाही.

बाबांसाठी केलेली निवड बरोबर होती, यात मला शंका नाही. आईच्या बाबतीत निशीकासाईकर, तुमचं ऐकायला हवं होतं.

निशीकासाईकर
त्या अजून आठवडाभर आहेत ना? गर्दीचं म्हणाल तर कामाच्या दिवशी सकाळी उघडताच आत शिरा, त्या वेळी फारशी नसते. स्कायट्रीच्या पायथ्याशीच ओशिआगे स्टेशन आहे, तिथून त्यांना फारसं चालावंही लागणार नाही. ३५० चंच तिकीट काढा, ४५० ची गरज नाही. आग्नेयेकडच्या काचेशी उभं करा आणि पुलावर गाडी येईपर्यंत थांबा.